पेनात 300 युनिट जशीच्या तशी

"इन्सुलिन एकदा सुरू झालं की मग सुटत नाही ना?" डिचोलीच्या एका दवाखान्यात मी मधुमेहाचं समुपदेशन करते. हा प्रश्न आठवड्यातून चार-पाचदा तरी समोर येतोच. गोव्यात त्याचं नवल नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत प्रौढांमधलं मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, 26.4 टक्के, देशाचं 11.4. म्हणजे आमच्या पंगतीत दर चौथं पान साखरवाल्याचं. तरी मी या प्रश्नाचं उत्तर लगेच देत नाही. त्याला कारण एक काका. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.)

काका साठीला टेकलेले. उमेद सगळी खनिजाच्या ट्रकवर गेली. 2018 मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या तेव्हा ट्रक विकला. आता बोलावणं येईल तेव्हा बदली ड्रायव्हर म्हणून जातात. मधुमेह बारा वर्षांचा, गोळ्या दोन. चार महिन्यांत वजन सहा किलो उतरलं, रात्री चारदा लघवीला उठायचे, पुढच्या गाडीचा नंबर धूसर दिसायला लागला. काकींना वाटलं, पोट उतरलं ते बरंच झालं! एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, 10.8 आली. बहुतेकांच्या बाबतीत डॉक्टर ती सातच्या आसपास ठेवायला बघतात. गोळ्या चालू असताना आकडा दहाच्या वर आणि वजनही घटतंय, म्हटल्यावर डॉक्टरांनी रात्री 10 युनिट इन्सुलिन लिहून दिलं.

तीन आठवड्यांनी दोघं आली. वहीत उपाशीपोटीची साखर लिहिलेली: 240, 252, 238.

"घेतोय रोज, बाई. काही फरक नाही."

काकींनी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं इन्सुलिनचं पेन, म्हणजे पेनासारखं दिसणारं इंजेक्शन, टेबलावर ठेवलं. मी उजेडाकडे धरून बघितलं. त्या पेनात 3 मिलिलिटर, म्हणजे 300 युनिट मावतात. रोजचे 10, वर हवा काढायला दरवेळी 2. एकवीस दिवसांत अडीचशे तरी संपायला हवे होते. आतला दट्ट्या जागचा हललाच नव्हता.

सुरुवातीच्या वर्षांत मी अशा वेळी फाडकन बोलून टाकायची. माणूस मान खाली घालून निघून जायचा, तो पुन्हा यायचाच नाही. म्हणून पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काका, तुमच्या घरात आधी कोणी घेतलंय का इन्सुलिन?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "थोरल्या भावाला लावलं होतं. तिसऱ्या महिन्यात पाय कापला. शेवट जवळ आला की हेच देतात."

काकी मध्येच बोलल्या, "पाय आधीच काळा पडला होता भाऊजींचा. चतुर्थीला चप्पल लागून जखम झाली, हळद लावत बसले. दुखत नाही म्हणाले. शिमगो आला तेव्हा नेलं."

दुखत नाही, यातच सगळं आलं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठाही कमी होतो. जखम चिघळते आणि माणसाला पत्ता नसतो. इतका जंतुसंसर्ग झाल्यावर साखर आटोक्यात आणायला गोळ्या बहुधा पुऱ्या पडत नाहीत, म्हणून इस्पितळात इन्सुलिन देतात. भावाला ते मिळालं ते पाय जायच्या वाटेवर असताना. काका दोन्ही गोष्टी एका दोरीत ओवून बसले होते.

शेवट या शब्दावर मी त्यांना टोरांटोच्या मुलाची गोष्ट सांगितली. 1922 च्या जानेवारीत इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं तेव्हा तो 14 वर्षांचा होता, हाडांचा सापळा झालेला. पुढे 13 वर्षं जगला. आणि इन्सुलिन काही बाहेरचं विष नाही, आपलंच स्वादुपिंड ते बनवतं. टाइप 2 मधुमेहात ते बनवणाऱ्या पेशी वर्षागणिक थकत जातात. निदान होतं तेव्हाच त्यांची साधारण निम्मी ताकद संपलेली असते. यात पथ्य मोडल्याची शिक्षा कसली? गोळी का नाही, तर ते प्रथिन आहे, पोटात गेलं की माशाच्या तुकडीसारखं पचून जाईल.

मग मूळ प्रश्न, इन्सुलिन सुटतं का. मी खोटा दिलासा देत नाही. गरोदरपण, शस्त्रक्रिया, मोठा ताप यांत चालू केलेलं पुष्कळदा थांबतं. साखर फार चढल्यामुळे पेशी दमल्या असतील तर काही महिन्यांच्या विसाव्यानंतर काहीजण पुन्हा गोळ्यांवर येतात. बारा वर्षांच्या मधुमेहात मात्र ते राहण्याचीच शक्यता जास्त. काकांना तसंच सांगितलं.

त्यांची खरी धास्ती त्यानंतर बाहेर आली. गाडी चालवताना साखर उतरली तर? हा प्रश्न मला आवडला, कारण हा खराखुरा धोका आहे. घाम, हातांना कंप, धडधड, उगीचच चिडचिड झाली की गाडी बाजूला घ्यायची. साखर 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. स्टीअरिंगला बसण्याआधी बोटावरची साखर बघायची आणि डब्यात साखरेची पुडी ठेवायची. बिस्किटं नकोत, ती सावकाश चढतात.

सुई 4 मिलिमीटरची. नवी काढून दाखवली तर म्हणाले, "एवढीच? काटा लागला तर याहून आत जातो." ते जुनं पेन टाकून द्यावं लागलं. खराब होऊ नये म्हणून काकींनी ते बर्फाच्या कप्प्यात ठेवलं होतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन कामाचं राहत नाही. न उघडलेलं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, चालू असलेलं घरातल्या सावलीच्या जागी, तेही महिनाभरच. उरलेला वेळ उकड्या तांदळाच्या पेजेवर गेला. त्यांनी ती पूर्ण सोडली होती आणि बदल्यात सहा चपात्या खात होते. त्यावर आमचं थोडं भांडणही झालं.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी 8.1 आली. डॉक्टरांनी मात्रा 14 वर नेली होती. रात्रीचं उठणं एकदावर आलेलं. काकांनी खिशातून चार रिकामी पेनं काढून टेबलावर ओळीनं मांडली आणि म्हणाले, "मोजा आता."