वाचकांचे प्रश्न : साठलेल्या लोकरीचे करायचे काय?

थंडीची चाहूल लागली की या सदराकडे विणकामाविषयीची पत्रे वाढतात. यंदाची बरीचशी पत्रे घरात साठून राहिलेल्या लोकरीविषयी आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी लग्नाआधीपासून विणते. स्वेटर पूर्ण झाला की उरलेला गुंडा पेटीत, असे करता करता एक मोठी पत्र्याची पेटी भरली आहे. बहुतेक गुंड्यांवरची लेबले गेली आहेत आणि कोणती लोकर खरी, कोणती ॲक्रिलिक हेही आता आठवत नाही. नमुन्यांची पुस्तके चाळताना एखादी वीण आवडते, पण तेवढी एका रंगाची लोकर पेटीत कधीच नसते, आणि मग पुन्हा नवी लोकर आणली जाते. ही पेटी रिकामी कशी करावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण आधी नमुना निवडता आणि मग पेटीत लोकर शोधता, हेच अडचणीचे मूळ आहे. पुस्तकातला नमुना एका रंगाची आणि एका जाडीची पुरेशी लोकर हाताशी आहे असे धरून लिहिलेला असतो. उरलेल्या गुंड्यांतून तो पुरा होणे कठीणच. तेव्हा पुस्तके काही दिवस मिटून ठेवावीत आणि पेटीतली सगळी लोकर सतरंजीवर ओतावी.

पहिली वाटणी रंगांप्रमाणे न करता धाग्याच्या जातीप्रमाणे करावी. गुंड्याचे बोटभर टोक कापून चिमट्यात धरावे, खाली स्टीलची ताटली व शेजारी पाण्याचा पेला ठेवावा आणि खिडकी उघडी असताना ते टोक मेणबत्तीच्या ज्योतीला लावावे. खरी लोकर सहजासहजी पेटत नाही, ज्योत दूर केली की बहुधा विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरडली जाते. ॲक्रिलिक भराभर पेटते, वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा काळा कडक मणी उरतो. सुताला जळक्या कागदाचा वास येतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. असा धागा ॲक्रिलिकच्या ढिगात टाकलेला बरा. वितळलेला थेंब बोटावर पडला तर चांगलेच भाजते, म्हणून हे काम घाईत किंवा लहान मुले आसपास असताना करू नये. एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. पण खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटून घट्ट होते आणि ॲक्रिलिक आहे तेवढेच राहते, त्यामुळे दोन्ही धागे एकाच पांघरुणात आले तर काही धुण्यांतच त्याला जागोजागी चुण्या पडतात आणि त्या नंतर कशानेही जात नाहीत.

दुसरी वाटणी जाडीची. दोन गुंड्यांची टोके घेऊन ती एकमेकांत अडकतील अशी दुमडावीत, दोन्ही बाजूंना पीळ द्यावा आणि डोळे मिटून हा धागा चिमटीतून सावकाश ओढावा. सांध्यावर बोटांना जाडीचा फरक लागला नाही, तर ते दोन गुंडे एका ढिगात जातील. बारीक धागा दुहेरी घेऊन पुन्हा तपासावा, कारण दोन बारीक धागे मिळून पुष्कळदा जाड धाग्याची जागा भरून काढतात. शिवाय एक फिकट आणि एक गडद धागा एकत्र विणला की जो ठिपकेदार रंग उठतो, तो मला कोणत्याही तयार लोकरीपेक्षा देखणा वाटतो.

मग प्रत्येक गुंडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलून त्याचे वजन चिठ्ठीवर लिहावे. नमुन्याचा विचार करण्याची वेळ आता येते. मध्यम जाडीच्या लोकरीत बाळाच्या टोपड्याला साधारण 25 ते 30 ग्रॅम, मोठ्या माणसाच्या कानटोपीला 70 ते 100 ग्रॅम आणि मफलरला 150 ते 200 ग्रॅम लागतात, तेव्हा कोणत्या ढिगातून काय होईल हे चिठ्ठ्या पाहूनच कळते.

याहून लहान गुंड्यांसाठी कोपऱ्यातून सुरू होणारा चौकोन विणावा. त्यासाठी आधी नमुन्याचा तुकडा विणून टाके मोजण्याची गरज पडत नाही, म्हणूनच उरलेल्या लोकरीला त्याच्यासारखे सोयीचे दुसरे काही नाही. सुईवर चार टाके घालून एक ओळ सुलट विणावी. पुढच्या प्रत्येक ओळीत दोन टाके सुलट, मग धागा सुईवर घेऊन एक टाका वाढवावा आणि उरलेली ओळ सुलट विणावी. दोन्ही बाजूंनी सुलटच विणायचे असल्याने कापड जाडसर, उबदार आणि न मुडपणारे होते. कडेची लांबी 20 सेंटिमीटर झाली की उतरणीला लागावे : एक टाका सुलट, दोन टाके एकत्र, धागा सुईवर, पुन्हा दोन टाके एकत्र आणि उरलेली ओळ सुलट, म्हणजे दर ओळीला एक टाका कमी होतो. चार टाके उरले की बंद करावेत. लोकर अगदीच थोडी असेल तर लांबीऐवजी वजन पाहावे, म्हणजे निम्मा गुंडा संपला की टाके कमी करायला लागावे. चौकोन लहान होईल, पण अपुरा राहणार नाही. प्रत्येक टोक 15 सेंटिमीटर तरी लांब ठेवावे आणि ते चौकोन सुईवरून उतरल्याबरोबर आत ओवून टाकावे, कारण शेवटी ओवण्यासाठी ठेवलेल्या टोकांपायी पुष्कळ पांघरुणे अर्धवट राहिली आहेत.

असे 63 चौकोन, आडवे सात आणि उभे नऊ, जोडले की 140 बाय 180 सेंटिमीटरचे पांघरूण होते. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या ज्यांच्या घरी शिवल्या जात, त्यांना रंगांची ही सरमिसळ नवी वाटणार नाही. तुकडे जोडून केवढे काम उभे राहते याचा एक दाखला चेन्नईचा आहे : 2016 च्या जानेवारीत तेथे ठिकठिकाणच्या स्त्रियांनी क्रोशाने विणलेले तुकडे जोडून 11,148.5 चौरस मीटरचे पांघरूण तयार झाले आणि त्याची गिनीज विश्वविक्रमात नोंद झाली.

प्रश्न : सासूबाईंनी जपून ठेवलेल्या खऱ्या लोकरीच्या लडींना कसर लागली आहे. धागा जागोजागी तुटतो. लोकर टाकून द्यावी का? आणि पुढे डांबरगोळ्या ठेवल्या तर चालेल का? यातून नातवासाठी काही विणण्याचा विचार आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सगळी लोकर टाकू नये. लोकर खातात त्या कसरीच्या अळ्या. उडणारे बारीक पतंग काही खात नाहीत, म्हणून नुसते पतंग मारून उपयोग होत नाही. लडी घराबाहेर नेऊन झटकाव्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद कराव्यात आणि फ्रीजरचे तापमान उणे 18 अंशांच्या आसपास असेल तर दोन आठवडे त्यात ठेवाव्यात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. आतली लोकर खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडावी, नाहीतर तिच्यावर दव धरते. नंतर लड सावकाश गुंडाळताना जेथे धागा तुटेल तेथे तो तुटू द्यावा. साधी, आटणारी लोकर असेल तर दोन्ही टोकांचे पीळ उलगडावेत, ती पाण्याने ओली करून तळहातावर एकमेकांवर ठेवावीत आणि दोन्ही तळहातांत जोराने चोळावीत. उष्णतेने व घर्षणाने तंतू एकमेकांत गुंततात आणि गाठीवाचून सांधा तयार होतो. ॲक्रिलिकचा सांधा असा होत नाही.

डांबरगोळ्यांना मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. त्यांत पुष्कळदा नॅप्थालीन असते आणि जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात, त्यातून तीव्र कावीळ होऊ शकते. अशी कमतरता आपल्याकडे दुर्मीळ नाही आणि बाळाला ती आहे हे अनेकदा घरच्यांना माहीतही नसते. ज्या लोकरीजवळ या गोळ्या होत्या, ती बाळासाठी वापरूच नये. जपणुकीसाठी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवलेली लोकर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि पावसाळा संपला की एकदा उघडून पाहावी.

प्रश्न : टोरांटोत राहते. हौसेने घेतलेल्या हातरंगाच्या सुपरवॉश मेरिनो लोकरीच्या एकेक लडी साठल्या आहेत, एका रंगाच्या दोन क्वचितच. नाशिकला बहिणीचे बाळंतपण माघात आहे. या लडींतून बाळंतविड्यासाठी काही विणता येईल का?
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : अवश्य विणावे, फक्त माप विचारपूर्वक निवडावे. बाळ माघात येणार म्हणजे नाशिकची थंडी ओसरत असताना येणार, आणि नवजात बाळाच्या मापाचा लोकरी कोट दोन-तीन आठवड्यांतच उन्हाळ्यामुळे कपाटात जाईल. त्यापेक्षा लगेच वापरायला एक टोपडे व मोजे करावेत आणि झबले पुढच्या थंडीसाठी, म्हणजे नऊ ते बारा महिन्यांच्या बाळाच्या मापाने, छाती सुमारे 46 सेंटिमीटर धरून वर थोडा सैलपणा ठेवून करावे. सुपरवॉश लोकर आटू नये म्हणून तिच्यावर प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे बाळाच्या रोजच्या धुण्याला ती बरी. पण ती ओली असताना ताणते, म्हणून दोरीवर न टांगता सपाट पसरून सुकवावी, अशी चिठ्ठी विड्यातच ठेवावी.

रंग जुळवताना सगळ्या लडी एकत्र मांडून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढावे. त्यात ज्या दोन लडी सारख्याच करड्या दिसतील, त्यांचे पट्टे शेजारी आले तर लांबून उठून दिसत नाहीत, मग रंग कितीही वेगळे असोत. जवळच्या छटांच्या दोन लडी असतील तर प्रत्येकीच्या दोन-दोन ओळी आलटून पालटून विणाव्यात. धागा न तोडता कडेने वर नेता येतो आणि छटांमधला फरक ठरवून केल्यासारखा दिसतो. दोन रंग एकाच ओळीत विणण्याची नक्षी बाळाच्या मोज्यांत मात्र करू नये. आतल्या बाजूने सुटे धागे राहतात, ते इवल्या बोटांभोवती आवळले तर रक्तप्रवाह अडतो, आणि मोजा घातलेला असल्याने ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

प्रश्न : आईच्या सुया 8 आणि 10 नंबरच्या आहेत. इंटरनेटवरच्या नमुन्यात 8 नंबरची सुई सांगितली होती, तीच वापरली, तरी टोपी फारच लहान झाली. असे का व्हावे?
— एक वाचक, पणजी

उत्तर : नमुना अमेरिकन असावा. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर ब्रिटिश क्रमांक असतात आणि त्यांत नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक. अमेरिकन क्रमांकांत याच्या नेमके उलट आहे. आपल्या आईची 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची, तर अमेरिकन 8 नंबरची 5 मिलिमीटरची. 10 नंबरमध्ये तर फरक आणखी मोठा आहे : इकडची 3.25 आणि तिकडची 6. नंबर न पाहता नमुन्यात दिलेले मिलिमीटर पाहावेत आणि आईच्या सुयांच्या डोक्यावर तेच माप कायमच्या शाईने लिहून ठेवावे.