इंग्लंडच्या वॉर्डात आधी पेशंटला विचारायचं

तुझा मेसेज वाचला. सीबीटी (इथल्या नर्सिंग नोंदणीसाठीची संगणकावरची परीक्षा) झाली, व्हिसाचं चालू आहे, आणि विचारतेस, 'ताई, आयव्ही, कॅथेटर, सक्शन सगळं हाताखालून गेलंय. पण तिकडे एथिक्स आणि पेशंट-सेंटर्ड केअरवर एवढा भर असतो म्हणे, ते रोजच्या ड्युटीत कसं दिसतं?' बरं झालं निघायच्या आधी विचारलंस. मी इथे वृद्धांच्या वॉर्डात आहे, तिथलंच सांगते.

निर्णय पेशंटचा, हे सगळ्यात आधी. आपल्याकडे राउंडला डॉक्टर मुलाशी बोलतात, फॉर्मवर सही जावयाची आणि कॉटवरचे आजोबा नुसते बघत असतात. बऱ्याचदा हे प्रेमापोटीच चालतं. इथे समज शाबूत असलेल्या सज्ञान माणसाच्या वतीने नवरा, मुलगा, कोणीच संमती देऊ शकत नाही. २००५ चा मेंटल कपॅसिटी अॅक्ट, म्हणजे निर्णयक्षमतेबद्दलचा इथला कायदा, तू तिकडून निघण्याआधीच वाचून काढ. त्याची सुरुवातच अशी आहे की समोरच्याला स्वतःचा निर्णय घेता येतो असं धरून चालायचं. निर्णय आपल्याला चुकीचा वाटला म्हणून त्याची समज गेली असं होत नाही. डिमेन्शिया आहे म्हणूनही नाही. क्षमता त्या वेळेपुरती आणि त्या प्रश्नापुरती बघतात. घर विकायचा व्यवहार आजींना उमजणार नाही, पण आज शॉवर की स्पंज हे त्या ठरवू शकतात. क्षमता खरंच नसेल तर त्यांचं हित बघून, कमीत कमी बंधन घालून काम करायचं. घरच्यांना तेव्हाही विचारायचं, ते आजींना काय आवडलं असतं हे कळावं म्हणून.

बेडच्या रेलिंगचंच घे. रात्री पेशंट पडू नये म्हणून आपण दोन्ही बाजूंनी रेलिंग वर करून मोकळ्या होतो. इथे त्याआधी असेसमेंट करून लिहावं लागतं. गोंधळलेला माणूस रेलिंगवरून चढायला गेला तर जास्त उंचावरून पडतो. आणि उतरू पाहणाऱ्याला अडवण्यासाठी ती लावली तर ते बांधून ठेवण्यातच जमा होतं.

तसंच 'नको' चं. आजी स्पंजला नको म्हणाल्या की 'रिफ्यूज्ड' लिहून पुढच्या कॉटकडे जायचं नाही. का नको? कंबर दुखतेय? मग आधी पेनकिलर देऊन थोड्या वेळाने जा. पुरुष केअरर नको आहे? बाई पाठव. थंडी वाजतेय? टॉवेलने झाकून एकेक हात पूस. एवढं करूनही नकोच असेल तर नको. काय विचारलं, काय समजावलं, त्या काय म्हणाल्या, हे सगळं नोंदवायचं. माझ्या मते चांगली नर्स इथेच ओळखू येते.

एनएमसी म्हणजे इथली नर्सिंग कौन्सिल, तिचा कोड (आचारसंहिता) चार भागांत आहे: माणसाला प्राधान्य, परिणामकारक काम, सुरक्षितता, आणि व्यवसायावरचा विश्वास. कागदावर यातलं बरंच आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या आचारसंहितेतही आहे. तुला जड जाईल तो सुरक्षिततेचा भाग, कारण त्यात तोंड उघडावं लागतं. न्यूज-टू म्हणजे नाडी, श्वास, बीपी वगैरेंवरून पेशंट किती बिघडलाय हे दाखवणारा स्कोअर. तो ५ झाला की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं, ७ ला इमर्जन्सी. कन्सल्टंट चिडतील का, हा विचार तिथे करायचाच नाही. स्कोअर कमी असूनही पेशंट बरा दिसत नसेल, तरी बोलवायचं. औषधात चूक झाली तर पेशंटला स्वतः सांगायचं, माफी मागायची आणि इन्सिडंट रिपोर्ट भरायचा. मेमोच्या धाकात काम केलेल्यांना याची भीती वाटते, पण इथे लपवणं हा चुकीपेक्षा मोठा गुन्हा धरतात.

नाव सांगण्याबद्दलही तू विचारलं होतंस. केट ग्रेंजर ही इथली डॉक्टर, स्वतः कॅन्सरची पेशंट. २०१३ मध्ये अॅडमिट असताना तिच्या लक्षात आलं की बरेच जण नाव न सांगताच तिला तपासतात. त्यातून 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम उभी राहिली. २०१६ मध्ये ती गेली, मोहीम चालू आहे. ऑस्कीत, म्हणजे इथल्या नोंदणीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, प्रत्येक पेशंटला नाव, हुद्दा सांगून 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' हे विचारल्याशिवाय हात लावू नकोस. 'डिअर', 'ममी' नको.

कधी मराठी आजी अॅडमिट होतील आणि मुलगा हळूच म्हणेल, 'सिस्टर, कॅन्सरचं आईला सांगू नका.' त्याला झिडकारू नकोस, त्याची काळजी खरी असते. पण आजींना आधी विचारायचं, तुम्हाला किती माहिती हवीय, आणि ती कोणाला सांगू? त्या 'मुलालाच सांगा' म्हणाल्या तर तोही त्यांचाच निर्णय. तुला मराठी येतं म्हणून चहापाण्याचं तू बोल, धीर दे. ऑपरेशनच्या संमतीसाठी मात्र इंटरप्रिटर मागव, मुलाला दुभाषा करू नकोस.

अजून सांगलीत ड्युटी आहे तोवर रोज एका पेशंटवर सराव कर. पडदा ओढायचा, काय करणार ते सांगायचं, 'चालेल का?' विचारून उत्तराला थांबायचं. ऑस्कीत हे मोठ्याने बोलावं लागतं, आणि घाईत सगळ्यात आधी तेच सुटतं.