लांब पल्ल्यासाठी रिकम्बंट ट्राइक (पाठ टेकून, पाय पुढं करून चालवायची तीनचाकी सायकल) घ्यायचीय, सातारा भाग, पुढं दोन चाकं की मागं दोन?

पुढं दोन मागं एक, म्हणजे टॅडपोलच घ्या, आणि कंपनी-बिंपनी नंतर, आधी सगळ्यात हलका गिअर किती हलकाय ते बघा. कारण आपल्याकडं कुठंही निघालं तरी चढ आहेच, कासला जा नाहीतर पुण्याहून येताना खंबाटकी, आणि ट्राइकवर उभं राहून पेडल मारता येत नाही, वजन १५-२० किलो, सगळा भार गुडघ्यावर. माझ्या ट्राइकला सगळ्यात हलक्या गिअरला पेडलपाशी ३० दाती चक्र, मागच्या चाकाला ३६ दाती, चाकं २० इंची, पेडलच्या एका फेऱ्यात जेमतेम सव्वा मीटर सरकते, येवतेश्वरच्या चढाला ताशी ५ नं रांगते पण तोल जायची भीतीच नाही, दमलं की पार्किंग ब्रेक लावून तिथंच पाठ टेकायची. उतरताना वळणावर टॅडपोल जमिनीला चिकटून राहते, डेल्टा (पुढं एक, मागं दोन चाकं) जोरात वळवली की आतलं चाक उचलायला बघते. घेताना एवढं बघा:

- तिन्ही चाकं २० इंची, ४०६ मापाची (टायर बसतो तिथं रिमचा व्यास ४०६ मिमी; एकच ट्यूब तिन्हीकडं चालते, बीएमएक्स सायकलचंच माप)
- क्लिपचे पेडल किंवा टाचेला पट्टा, पाय निसटून खाली गेला तर ट्राइक त्याच्यावरनंच जाते
- उंच झेंडा, ट्रकवाल्याला तुम्ही दिसतच नाही

फक्त सीट जमिनीपासून फूटभरच असते, गुडघे-कंबर दुखत असेल आणि उठता येत नसेल तर मग डेल्टा बरी, तिची सीट उंच असते.