मुलं मूर्तीसमोर थांबतच नाहीत, मी काय करू?

प्रश्न : नमस्कार ताई, मी मूळची चिपळूणची. एम.ए. झालंय, प्राचीन भारतीय इतिहास घेऊन, आणि सध्या मुंबईतल्या एका मोठ्या कलासंग्रहालयाच्या शिक्षण विभागात तीन महिन्यांची इंटर्नशिप करतेय. शाळांचे ग्रुप येतात त्यांना गॅलरी दाखवायच्या हे माझं काम. पहिला ग्रुप सहावीचा होता, ६५ मुलं आणि दोन बाई. मी आठवडाभर वाचून तयारी केली होती, गुप्त, चालुक्य, राष्ट्रकूट, सगळ्यांच्या नोट्स काढल्या होत्या, आणि प्रत्यक्षात पाच मिनिटांत अर्धी मुलं पुढच्या खोलीत, बाई ओरडतायत "लाइन तोडू नका", एक मुलगा काचेला नाक लावून उभा, सिक्युरिटीचे काका माझ्याकडे बघतायत आणि मी आपली सनावळ्या सांगतेय. घरी येऊन रडले. मला हे काम मनापासून आवडतं पण बहुतेक जमणार नाही असं वाटतंय. मंगळवारी परत दोन ग्रुप आहेत.
– ऋ., मुंबई

उत्तर : ऋ., आधी एक सांगते, तुझी तयारी वाया गेलेली नाही, फक्त ती कुठं वापरायची ते अजून तुला कुणी सांगितलेलं नाही. मी या कामात आले तेव्हा मलाही कुणी सांगितलं नव्हतं. एका शिल्पासमोर मी सलग बोलत राहिले होते, सगळं बरोबर होतं, एक सन चुकला नाही, आणि संपल्यावर पहिल्याच रांगेतल्या मुलाने विचारलं, "ताई, हे दगडाचं आहे का?" म्हणजे एवढा वेळ त्याला ते बघायलाच मिळालं नव्हतं, कारण तो माझं तोंड बघत होता. ते वाक्य माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेलं नाही.

तर मंगळवारसाठी पहिली गोष्ट, गॅलरी दाखवायची हे डोक्यातून काढ. दीड तासात चार वस्तू पुरतात. हो, चारच. बाईंना वाटेल पैसे वसूल झाले नाहीत, मुलांनी सगळं बघितलं पाहिजे, मग त्यांना आदल्या दिवशी फोन करून सांग की शेवटची २० मिनिटं मुलं मोकळी फिरतील, हवं ते बघतील. हा फोन फार महत्त्वाचा आहे. त्यातच विचारून घे किती मुलं, कितवी, मराठी मिडियम की इंग्लिश की उर्दू, कुणाला दिसण्या-ऐकण्याची अडचण आहे का, डबा कधी खाणार. आणि ६५ मुलं एकत्र कधीच घेऊ नकोस, १५-१५ चे गट कर, दुसरी इंटर्न असेल तर दोघींनी वाटून घ्या, नसेल तर एक गट बाईंबरोबर बागेत चित्र काढत बसू दे आणि मग अदलाबदल करा. आल्या आल्या आधी बाथरूम आणि पाणी. दोन तास बसमध्ये बसून आलेल्या मुलाला चालुक्य सांगून उपयोग नाही.

आता खरी गोष्ट. वस्तूसमोर गेलीस की मुलांना जमिनीवर बसव. उभं मूल पुढं सरकतं, बसलेलं मूल बघतं. मग एक मिनिट काहीच बोलू नकोस, फक्त बघायला सांग. हे एक मिनिट तुला दहा मिनिटांसारखं वाटेल आणि मध्येच बोलायचा मोह होईल, पण तोंड उघडू नकोस. नंतर तीनच प्रश्न. काय चाललंय इथं? तुला असं कशावरून वाटलं? आणखी काय दिसतंय? हे प्रश्न माझे नाहीत, अमेरिकेत अ‍ॅबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन या दोघांनी ही पद्धत बसवली. येनावाइन न्यूयॉर्कच्या मोमा या म्युझियममध्ये शिक्षण विभाग सांभाळायचे, आणि ही पद्धत आता जगभर वापरतात. पण मराठीत विचारताना मला त्यातला "कशावरून" हा शब्द सगळ्यात जास्त आवडतो कारण आपल्याकडे भांडणातसुद्धा मुलं तोच विचारतात, "कशावरून रे?" त्यांना तो परका वाटत नाही.

एक उदाहरण देते. पहाडी लघुचित्रांत अभिसारिकेचा विषय पुष्कळदा येतो, रात्रीची वेळ, काळे ढग, वीज, खाली साप आणि एकटी बाई चाललीय. अशा चित्रासमोर पाचवीची मुलं बसली होती. एक म्हणाला ती घरातून पळून चाललीय. कशावरून? "तिने मागं बघितलंय." दुसरी म्हणाली नाही, तिला काहीतरी आणायला पाठवलंय, आजारी माणसासाठी. कशावरून? "एवढ्या पावसात उगाच कोण जाईल." मग एकीला जमिनीवर पडलेलं पैंजण दिसलं आणि सगळा वर्ग गुडघ्यांवर पुढं सरकला. ते पैंजण मला त्या दिवसापर्यंत दिसलं नव्हतं, खरंच. त्यानंतर मी सांगितलं की ती कुणाला तरी भेटायला चाललीय आणि कवितेत अशा नायिकेला अभिसारिका म्हणतात. तेवढीच माहिती दिली, पण त्या वेळी ती मुलांना हवी होती. तुझ्या नोट्स इथं लागतात, शेवटी, मूल मागेल तेव्हा.

आणि शाब्बास म्हणू नकोस. ऐकायला विचित्र वाटेल. पण एकाला शाब्बास म्हटलं की बाकीच्यांना वाटतं उत्तर सापडलं, संपलं. त्यापेक्षा मूल जे म्हणालं ते तुझ्या शब्दांत परत म्हण आणि त्याने जिथं बोट दाखवलं तिथं तूही बोट दाखव, काचेपासून लांबून. बोलणाऱ्या मुलाला कळतं की आपलं ऐकलं गेलं, आणि न बोलणारी मुलंसुद्धा हळूहळू तोंड उघडतात.

"हात लावू नका" हे मुलं दारापासून ऐकत येतात, त्याचं कारण मात्र कुणी सांगत नाही. तू सांग, की हाताला घाम असतो, तेल असतं, एका हाताने काही होत नाही पण रोज हजार हात लागले तर दगडसुद्धा गुळगुळीत होतो, देवळाच्या उंबऱ्यावर बघितलंय ना, मध्ये कसा झिजलेला असतो? उंबऱ्याचं उदाहरण त्यांना लगेच पटतं. आणि हातात द्यायला काहीतरी ठेव, बेसॉल्टचा तुकडा, भाजलेल्या मातीचा तुकडा, जरीच्या काठाची चिंधी. सुपरवायझरला विचारून एक डबाच करून घे. न दिसणाऱ्या मुलांसाठी तर तो डबा लागतोच, पण खरं म्हणजे सगळ्यांनाच लागतो. वर्कशीट देणार असशील तर रिकाम्या जागा भरा नको, ती मुलं पाटी वाचून भरतात आणि मूर्तीकडे पाठ करून उभी राहतात. कोरा कागद आणि पेन्सिल दे (पेन नाही, गॅलरीत पेन नकोच) आणि फक्त हात काढायला सांग, मूर्तीचा एकच हात. बोटं काढायला गेलं की बघावंच लागतं.

आपल्याकडचा एक प्रसंग कुठल्याही परदेशी पुस्तकात मिळणार नाही म्हणून सांगते. महापालिकेच्या शाळेचा ग्रुप होता, विष्णूच्या मूर्तीसमोर एका मुलीने चप्पल काढली, बाजूला नीट ठेवली आणि हात जोडले. मागची मुलं हसली. बाई म्हणाल्या, "अगं हे देऊळ नाही." मी बाईंना थांबवलं आणि तिलाच विचारलं, तुला असं का वाटलं? ती म्हणाली, देव आहे ना. मग दुसऱ्याने विचारलं, देव आहे तर देवळात का नाही, इथं कोणी आणला? तिथून अर्धा तास जे बोलणं झालं, देऊळ पडलं तर मूर्तीचं काय होतं, कोण उचलून नेतं, विकतं कोण, सांभाळतं कोण, ते मला एम.ए.च्या वर्गातही ऐकायला मिळालं नव्हतं. असं कुणी चप्पल काढली तर काढू दे. हात जोडले तर जोडू दे. वस्तूकडे बघायची तीही एक रीत आहे आणि ती त्या मूर्तीची सगळ्यात जुनी रीत आहे.

एक गृहपाठ देते. येत्या सुट्टीत भायखळ्याच्या राणीच्या बागेत जा आणि भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती बघून ये. घारापुरीचा हत्ती तो, त्याच्यावरूनच पोर्तुगीज त्या बेटाला एलिफंटा म्हणायला लागले. १८६४ साली इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला, क्रेन तुटली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याला आणून १९१४ मध्ये परत जोडून उभा केला. शाळेची मुलं पेंग्विन बघायला याच्या शेजारून पळत जातात. तू तिथं अर्धा तास बस, जोडाच्या रेषा शोध, नोट्स न काढता. मग सातवीच्या मुलांना काय विचारशील ते तीन ओळींत लिही. "हा हत्ती कधीतरी तुटला होता का? कशावरून?" एवढ्यावर अख्खा तास जातो.

मंगळवारचं काय झालं ते मला नक्की कळव, मी वाट बघतेय.

प्रश्न : मी खटाव तालुक्यात जि.प. शाळेत शिक्षक आहे. मुलं ३८. मुंबई-पुण्याची संग्रहालयं आमच्या आवाक्यात नाहीत, सहल काढायची तर पालक वॉटर पार्क म्हणतात. आमच्या मुलांनी चित्रं, शिल्पं बघायचीच नाहीत का?
– एक शिक्षक, जि. सातारा

उत्तर : सर, बघायचीच आहेत, आणि तुमच्याच तालुक्यात औंध आहे! यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय, १९३८ सालचं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. उभं केलं औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी, जे स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्काराचा प्रसार केला तेही हेच. तुमची मुलं शाळेत सूर्यनमस्कार घालतच असतील, तिथूनच सुरुवात करा, "हे ज्यांनी गावोगाव नेलं त्यांच्या घरची चित्रं बघायला चाललोय." मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची म्युझियम ऑन व्हील्स नावाची बसही २०१५ पासून शाळांपर्यंत जाते, आतमध्ये छोटं प्रदर्शन असतं, त्यांना शाळेच्या लेटरहेडवर पत्र लिहून विचारा.

आणि वर्गातच एक दिवस मुलांना घरातली जुनी वस्तू आणायला सांगा, आजीला विचारून. मी एकदा अडकित्ता नेला होता, शहरातली मुलं, कुणी म्हणालं कात्री, कुणी म्हणालं नखं कापायचं, शेवटी एक मुलगी म्हणाली आमच्या आजीकडे आहे पण तिला आता दात नाहीत म्हणून ती वापरत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, घरातल्या किती वस्तू, आणि ते सगळं एका माणसाने दारोदार फिरून जमवलं, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्याला दिलं. तुमच्या वर्गात मापटं येईल, शेर येईल, कंदील येईल. प्रत्येक वस्तूखाली मुलांनीच चिठ्ठी लिहायची, काय आहे, कुणाची, कशाला वापरायची. मग त्यांना औंधला न्या. पाटी काय असते ते त्यांना तोपर्यंत कळलेलं असेल.

प्रश्न : म्युझियममध्ये इंटर्नशिप केली तर पुढं नोकरी मिळते का? घरचे विचारतात. स्टायपेंड नाहीये.
– बी.एफ.ए., शेवटचं वर्ष, नागपूर

उत्तर : लगेच मिळेलच असं नाही, जागा कमी आहेत, हे घरच्यांना स्पष्ट सांग. शिक्षण विभागातच पुढं जायचं असेल तर म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, कर, बडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीत त्याचा जुना विभाग आहे, मुंबईतही डिप्लोमा होतो. स्टायपेंड नसेल तर प्रवासखर्च तरी मागायला लाजू नकोस, आणि रुजू होण्याआधी तास, कालावधी, सर्टिफिकेट हे सगळं मेलवर लिहून घे. मला एका ठिकाणी तोंडी सांगितलेलं सर्टिफिकेट कधीच मिळालं नाही. इंटर्नशिप चालू असताना प्रत्येक ग्रुपनंतर वहीत चार ओळी लिही, कुठली वस्तू, कितवीची मुलं, काय विचारलं, काय म्हणाली. इंटरव्ह्यूला गेलीस की ती वही पुढं ठेव. आणि नागपूरलाच आहेस तर आधी अजब बंगल्यात जाऊन विचार, १८६३ पासूनचं संग्रहालय आहे, शाळांची मुलं तिथंही येतात.