घसरलेल्या दोन सेमिस्टरबद्दल अर्जात काय लिहायचं?

"घरच्या अडचणीमुळे मार्क कमी पडले, हे परदेशी विद्यापीठाच्या अर्जात लिहू का? रडगाणं वाटेल ना?" प्रवेशाच्या दिवसांत हे मला हमखास विचारलं जातं. एका मुलीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला तिचे मार्क धाडकन खाली आले होते, पाचव्यापासून पुन्हा वर. मधल्या काळात वडील अंथरुणाला खिळलेले. यातलं अक्षरही लिहायचं नाही, असं ठरवूनच ती आली होती. मी म्हटलं, मार्कशीट तर जाणारच आहे. कारण दिलं नाहीस तर वाचणारा मनानेच काहीतरी धरून चालेल, बहुधा 'अभ्यास केला नाही' हेच.

मग गाडी दुसऱ्या टोकाला! पुढच्या एसओपीत (काय आणि का शिकायचंय, ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध) पहिलं दीड पान दवाखानाच. वाचताना मलाही भरून आलं, पण पोरीला शिकायचंय काय, ते दुसऱ्या पानावर कळत होतं. एसओपी विषयासाठी ठेवला आणि अडचण 'अतिरिक्त माहिती'च्या रकान्यात हलवली. तिथे शेवटी एवढंच उरलं: "तिसऱ्या व चौथ्या सेमिस्टरमध्ये वडिलांच्या गंभीर आजारपणामुळे त्यांची देखभाल माझ्याकडे होती. तास बुडाले, गुण घसरले. पाचव्या सेमिस्टरपासून घरी मदतनीस आहे. त्यानंतरचे गुण सोबत आहेत." आजाराचं नाव घातलं नाही. ती वडिलांची खासगी बाब. दवाखान्याचे कागदही कुणी मागितल्याशिवाय जोडायचे नाहीत.

खरी ओढाताण झाली ती पहिल्या सेमिस्टरच्या गणितावरून. तिथेही मार्क कमीच, पण तेव्हा वडील ठणठणीत होते. "तेही यातच घालू का?" मी साफ नाही म्हटलं. मार्कशीटवर सेमिस्टर छापलेलं असतं. एक दुवा जुळला नाही की खऱ्या भागावरही शंका येते. गणिताची भरपाई पुढच्या सांख्यिकीच्या चांगल्या मार्कांनी केली होती, ते एसओपीत आलं. तिची धावपळ पाहिलेल्या प्राध्यापकांनीही शिफारसपत्रात त्या धावपळीवर दोन ओळी लिहिल्या. स्वतःच्या तोंडून सांगण्यापेक्षा त्याला वजन जास्त.

बारावीनंतर अर्ज करणाऱ्यांसाठी तर जागा ठरलेलीच आहे. अमेरिकेच्या कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांसाठीचा एकच सामाईक ऑनलाइन अर्ज) २०२५-२६ पासून आव्हानं आणि परिस्थिती यासाठी २५० शब्दांचा वेगळा प्रश्न आहे. ब्रिटनच्या यूकॅसमध्ये (तिथल्या विद्यापीठांची सामाईक प्रवेश-अर्ज यंत्रणा) शाळेच्या शिफारशीतच त्यासाठी स्वतंत्र भाग असतो, तेव्हा शिक्षकांना वेळेत सांगा. मात्र किमान गुणांची अट असेल, तर ती अशा टिपणामुळे शिथिल होईलच असं नाही. अर्जाची फी भरण्याआधी प्रवेश विभागाला ईमेल करून विचारून घ्यावं.

आणि घरची अडचण अजून चालूच असेल, तर 'आता सगळं ठीक आहे' असं लिहू नका. सध्या घरी कोण बघतं आणि तुम्हाला अभ्यासाला वेळ कसा मिळतो, तेवढं लिहा.