कॅज्युअल्टीत पेशंटबरोबर जाताना

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

आई-बाबा पुण्याला आणि इथे इंदूरला लोकमान्य नगरच्या घरात आजी-आजोबांजवळ तू एकटी. रात्री-अपरात्री काही झालं तर हॉस्पिटलमध्ये काय काय होतं, हे तू आधीच विचारलंस ते फार बरं केलंस. माझी सगळी नोकरी कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागातच झाली. उपचार डॉक्टर आणि सिस्टर करतात. बरोबर आलेल्या माणसाने पेशंटबद्दल खरं आणि नेमकं सांगायचं असतं, आणि निम्मा उपचार त्याच्यावर ठरतो.

म्हणून आजच एक पिशवी तयार ठेव. दोघांच्या चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो, आधार कार्ड, विम्याचं किंवा आयुष्मान कार्ड (सत्तरी ओलांडलेल्यांना 2024 पासून उत्पन्नाची अट नाही), आणि जुना ईसीजी. हा कागद लोक रद्दीत टाकतात. नव्या ईसीजीत काही वेगळं दिसलं, तर ते आजचं की पाच वर्षांपूर्वीचं, हे जुना शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारायची वाट पाहू नकोस, आपणहून सांग. इन्सुलिन किती घेतलं, कधी घेतलं, त्यानंतर जेवण झालं का, हेही.

कुठे न्यायचं ते शांतपणे आधी ठरवून ठेव. जवळचं नर्सिंग होम सोयीचं वाटतं, पण हार्ट अटॅकला कॅथलॅब (हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडायची सोय) लागते आणि लकव्याला चोवीस तास चालणारं सीटी स्कॅन. या दोन्ही सोयी कुठे आहेत ते फोन करून विचारून घे. न्यायचं झालं की ॲम्ब्युलन्ससाठी 108 ला फोन कर. आजोबांना स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून कधीही नेऊ नकोस. वाटेत शुद्ध गेली तर सांभाळता येत नाही.

लकव्याची वेळ कशी मोजतात ते नीट समजून घे, कारण इथेच घरची माणसं चुकतात. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास तुम्हाला कळलं तेव्हापासून नाही, माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात. आजी रात्री दहाला नीट बोलून झोपल्या आणि पहाटे पाचला हे दिसलं, तर डॉक्टरांना ‘रात्री दहा’ सांगायचं. ‘आत्ताच झालं’ म्हटलंस तर सगळा हिशोब चुकतो. मात्र उशीर झालाय म्हणून घरी थांबायचं नाही. काय करता येईल ते डॉक्टर तपासून ठरवतात.

आजींना मधुमेह आहे. अशा वयस्कर बाईला हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येईलच असं नाही. दम लागेल, दरदरून घाम सुटेल, उलटी होईल, जबडा दुखेल. तू ‘ॲसिडिटी असेल’ असं सांगू नकोस. त्या जे शब्द बोलल्या तेच सांग. त्रासात त्या मराठीतच बोलतील आणि समोरचा डॉक्टर हिंदीत विचारेल, तेव्हा मध्ये तू उभी राहा.

आत गेल्यावर नंबर आल्याच्या क्रमाने लागत नाही. सिस्टर नाडी, बीपी, ऑक्सिजन, साखर बघून कोणाला थांबता येईल ते ठरवते. तुमच्या मागून आलेला आधी आत गेला तर त्याचा जीव जास्त धोक्यात आहे. एमवायमध्ये, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये, आसपासच्या जिल्ह्यांतून पेशंट येतात, तिथली गर्दी पाहून दचकू नकोस. पण छातीत दुखत असेल तर पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. झाला नाही तर काउंटरवर जाऊन स्पष्ट सांग. आवाज चढवायची गरज नाही, पण गप्पही बसू नकोस.

सिस्टर, ज्युनियर डॉक्टर, मग मोठे डॉक्टर, तिघंही तेच प्रश्न विचारतील. वैतागू नकोस. तिसऱ्यांदा विचारल्यावर राहून गेलेली गोष्ट आठवते, हे मी खूपदा पाहिलंय. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत पाणीसुद्धा पाजायचं नाही. लकव्यात गिळता येत नसेल तर घोट श्वासनलिकेत जातो. मॉनिटर वाजला की आधी आजींकडे बघ. बरेचदा ऑक्सिजन मोजणारा बोटाचा चिमटा निसटलेला असतो. रक्ताचा पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी सोडत नाहीत, कारण हृदयाची ट्रोपोनिन तपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागते. हे थांबणं म्हणजे बिल वाढवणं नव्हे.

पेशंटजवळ एकालाच थांबू देतात. ती तू थांब, पैसे आणि कागद शेजारच्या काकांना बघू दे. सही करण्याआधी काय करणार, का करणार आणि नाही केलं तर काय होईल, हे तीन प्रश्न विचार. अपघात असेल तर पोलिसांना कळवलं जातं, त्याने घाबरायचं कारण नाही. आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे सोपस्कार नंतर, हे सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच सांगितलंय. रस्त्यावर पडलेल्या अनोळखी माणसाला घेऊन गेलीस तरी 2019 च्या मोटर वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने तुला संरक्षण आहे. तेव्हा थांबून मदत कर.

घरी सोडलं तर कोणती गोळी बंद, कोणती नवी, आणि काय दिसलं की लगेच परत यायचं, हे कागदावर लिहून माग. आजींच्या हातातली सलाइनची सुई काढली का तेही निघताना बघ. गडबडीत ती तशीच राहते आणि लोक घरी पोचल्यावर फोन करतात.

तुझी,
काकू