चार्टर शाळेच्या वेटलिस्टवर 143 वा नंबर आहे, आशा धरावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहतो. मुलगी सप्टेंबरमध्ये सहावीत जाईल. मार्लबरोच्या ॲडव्हान्स्ड मॅथ अँड सायन्स अकादमी या चार्टर शाळेत अर्ज केला होता. लॉटरीत नंबर लागला नाही, वेटलिस्टवर 143 वी आहे. पुढे नंबर लागेल का? एवढी गर्दी असते म्हणजे शाळा चांगलीच असणार ना? पुढच्या वर्षासाठी मार्लबरोत भाड्याने घर घ्यावं का?"

मी याच भागात राहते. दोन मुलांच्या वेळी चार्टरच्या लॉटऱ्या अनुभवल्या आहेत, आणि दर मार्चमध्ये आमच्या मराठी ग्रुपवर अगदी हेच प्रश्न येतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते. 143 हा आकडा बघून खचून जाऊ नका. तो तुमच्या मुलीच्या हुशारीबद्दल काहीच सांगत नाही आणि शाळेबद्दलही फार कमी सांगतो. या राज्यात चार्टर शाळेला प्रवेशासाठी परीक्षा किंवा मुलाखत घेता येत नाही, गुणपत्रिका बघून निवड करता येत नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की जाहीर लॉटरी काढावीच लागते. महाराष्ट्रात आरटीईच्या 25 टक्के जागांची सोडत तुम्ही जवळून पाहिली असेल तर पद्धत ओळखीची वाटेल. फरक एवढाच की तिथे खासगी शाळेतल्या राखीव जागांसाठी सोडत असते. इथे शाळाच सरकारी पैशावर चालते, फी नसते, पण कारभार गावाच्या शाळाखात्याकडे नसून स्वतंत्र विश्वस्त मंडळाकडे असतो. त्या मंडळाला राज्य पाच वर्षांची सनद देतं. काम बरं नसेल तर सनद काढूनही घेतं.

आता तुमचा नंबर इतका मागे का गेला ते बघू. लॉटरी सगळ्यांची एकत्र निघत नाही. आधी त्या शाळेत शिकत असलेल्या मुलांची भावंडं, मग शाळेच्या हद्दीतल्या गावांचे रहिवासी, आणि त्यातून काही उरलं तर बाहेरचे. या शाळेच्या हद्दीत मार्लबरो, हडसन, क्लिंटन आणि मेनार्ड ही गावं येतात. श्रूजबरी त्यात नाही. म्हणजे तुमच्या मुलीची चिठ्ठी कितीही चांगली निघाली असती तरी ती या चार गावांतल्या मुलांच्या मागेच राहिली असती.

माझ्या थोरल्याच्या वेळी (शाळा वेगळी होती) लॉटरी शाळेच्या कॅफेटेरियात झाली होती. प्रोजेक्टरवर एक साधी एक्सेल शीट, समोर घडीच्या खुर्च्यांवर आम्ही सगळे पालक. सुरुवातीला फक्त भावंडांची नावं वाचली. ती वाचून होईपर्यंत सहावीच्या जागांचा मोठा भाग संपलेला होता, आणि लॉटरी तर अजून सुरूही झालेली नव्हती. माझ्या शेजारचे गृहस्थ हातातल्या कागदावर उरलेल्या जागा खोडत होते. त्या रांगेत आपण नेमके कुठे उभे आहोत हे मला तेव्हा कळलं. घरी ईमेलमध्ये नुसता नंबर वाचणाऱ्याला ते कळत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा: वेटलिस्ट पुढेच सरकते असं नाही, मागेही जाते. तुमच्या पुढच्या एखाद्या मुलाला प्रवेश मिळाला आणि त्याचं भावंडही यादीत असेल तर ते भावंड वर उडी मारतं. जूनमध्ये 143 चे 146 झाले तर कोणी वशिला लावला असं समजू नका.

तरीही यादी हलते, आणि ती हलते त्याचं कारण तुमच्या माझ्यासारखे पालकच आहेत. अर्ज फुकट असतो, ऑनलाइन असतो, पाच मिनिटांत भरून होतो. त्यामुळे कोणी एकाच ठिकाणी अर्ज करत नाही. आमच्या ग्रुपवर एका वर्षी तीन आया आपापले नंबर लिहीत होत्या, आणि तिघींच्या मुलांची नावं त्याच तीन शाळांच्या याद्यांमध्ये होती. मुलं तीन, नावं नऊ. शेवटी एक गावच्याच शाळेत राहिलं, एक कुटुंब नोकरीमुळे टेक्सासला गेलं, एकाचा नंबर लागला. नऊ नावं पुसली गेली आणि प्रत्यक्षात जागा भरली एक.

हे फक्त आमच्या ग्रुपपुरतं नाही. चार्टर शाळांच्या राष्ट्रीय संघटनेने 2014 मध्ये जाहीर केलं होतं की देशभरातल्या वेटलिस्टवर 10 लाखांहून जास्त नावं आहेत. वर्तमानपत्रांत तोच आकडा गाजला. पण एकच मूल अनेक याद्यांवर असतं हे धरलं तर वेगवेगळी मुलं किमान 5 लाख 86 हजारांच्या आसपास असतील, असा त्याच संघटनेचा अंदाज होता. हाही आकडा लहान नाही. एवढ्या मुलांच्या आईवडिलांना दुसरी शाळा हवी होती, याला काहीतरी अर्थ आहेच. पण 10 लाख आणि पावणेसहा लाख यांत फार अंतर आहे, आणि धोरण ठरवताना कुठला आकडा टेबलावर ठेवला यावर बरंच काही ठरतं.

आपल्या राज्यात तर हा वाद फार रंगला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्याच्या तेव्हाच्या लेखापरीक्षक सुझान बंप यांच्या अहवालाने शिक्षण खात्याच्या वेटलिस्टच्या आकड्यांवर बोट ठेवलं. काही शाळा जुन्या वर्षांची नावं तशीच पुढे ओढत होत्या, त्यामुळे कधीच दुसरीकडे रमलेली मुलंही कागदावर ताटकळत होती. आता नियम असा आहे की यादी त्या शालेय वर्षापुरतीच. तुमच्यासाठी याचा सरळ अर्थ हा की हा 143 पुढच्या वर्षी चालणार नाही; सातवीसाठी हवं असेल तर नव्याने अर्ज, नवी लॉटरी. राज्याचं शिक्षण खातं आता दरवर्षी याद्यांमधली दुबार नावं गाळून वेगळा आकडाही देतं. तुलना करायची तर तो आकडा बघा.

मग जागा वाढवत का नाहीत? कायद्यानेच कुंपण घातलं आहे. मिनेसोटाने 1991 मध्ये देशातला पहिला चार्टर कायदा केला, मॅसॅच्युसेट्सने 1993 मध्ये. इथे शाळांच्या संख्येवर मर्यादा आहे, आणि गावाच्या शाळांच्या खर्चापैकी किती टक्के रक्कम चार्टरकडे जाऊ शकते यावरही: साधारण 9 टक्के, आणि निकालात सगळ्यांत खाली असलेल्या गावांत 18 टक्क्यांपर्यंत. मूल चार्टरमध्ये गेलं की त्याच्यामागचे पैसे गावाच्या खात्यातून जातात. पण वर्गातली दोन मुलं कमी झाली म्हणून शिक्षकाचा पगार किंवा इमारतीचं हीटिंग कमी होत नाही. राज्य काही वर्षं भरपाई देतं, तरी खड्डा पडतोच. म्हणून 2016 मध्ये दरवर्षी 12 नव्या चार्टर शाळांना वाव द्यायचा प्रस्ताव मतदानाला आला तेव्हा जाहिरातींत वेटलिस्टवरच्या हजारो मुलांचे आकडे सतत झळकत होते, दोन्ही बाजूंनी मिळून 4 कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला, आणि 62 टक्के लोकांनी "नाही" म्हटलं. मला त्या "नाही" म्हणणाऱ्यांचं म्हणणं समजतं. पण बॉस्टनमधल्या ज्या आईला आपल्या गल्लीतल्या शाळेवर भरवसा नाही, तिचं काय, याचं उत्तर त्या मतदानाने दिलं नाही, आणि मला अजून याची टोचणी आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, गर्दी म्हणजे दर्जा का. यावर इथे उत्तम संशोधन झालं आहे, आणि ते शक्य झालं ते लॉटरीमुळेच. एरवी चार्टरमधली मुलं पुढे दिसली तर म्हणता येतं की त्यांचे आईवडीलच जास्त जागरूक. पण लॉटरीत नाव आलेलं मूल आणि न आलेलं मूल, दोघांच्याही आईवडिलांनी अर्ज केलेला असतो. फरक फक्त नशिबाचा. त्या दोघांची पुढची वाटचाल ताडून बघितली की शाळेने काय दिलं ते वेगळं काढता येतं. एमआयटीचे जोशुआ अँग्रिस्ट (2021 चे नोबेल मानकरी) आणि पराग पाठक (नाव आपल्याकडचं वाटलं तरी त्यांचं कुटुंब मूळचं नेपाळचं) यांनी सहकाऱ्यांबरोबर हेच केलं. बॉस्टनच्या चार्टर शाळांत, विशेषतः गणितात, मुलांची प्रगती खरोखर मोठी दिसली. पण पुढच्या अभ्यासात राज्यातल्या शहरांबाहेरच्या चार्टर शाळा तपासल्या तेव्हा तसा फायदा दिसला नाही. काही ठिकाणी लॉटरी लागलेली मुलं किंचित मागेच पडली. आणि गर्दी तिथेही होती.

याचं कारण अवघड नाही. चार्टरमध्ये जाऊन मुलाला किती मिळालं हे, ते एरवी कुठल्या शाळेत गेलं असतं यावर अवलंबून असतं. बॉस्टनच्या एखाद्या वस्तीतली शाळा आणि श्रूजबरीची मिडल स्कूल यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तुम्ही ज्या गावात घर घेतलं ते बहुधा शाळा बघूनच घेतलं असणार. हे निष्कर्ष तुम्ही अर्ज केलेल्या शाळेवर मी चिकटवत नाही. ते सरासरीचे आहेत, एकेका शाळेचे नाहीत. गणिताची खरी ओढ असलेल्या मुलाला तिथलं वातावरण मानवेल. पण "एवढे लोक रांगेत आहेत म्हणजे असणारच" हा आधार कच्चा आहे. आपल्या लोकांत एकाने अर्ज केला की दहा करतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

याच विषयातली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. ख्रिस्तोफर वॉल्टर्स या अर्थशास्त्रज्ञाने बॉस्टनच्या अर्जांचा अभ्यास केला. ज्या मुलांना चार्टर शाळेचा सगळ्यांत जास्त फायदा झाला असता, म्हणजे गरीब घरची, अभ्यासात मागे पडलेली, त्यांच्याकडूनच अर्ज कमी येतात असं त्याला आढळलं. लॉटरी रांगेतल्या सगळ्यांना सारखं वागवते. पण रांगेत यायला शाळेचं नाव कानावर पडावं लागतं, अर्जाची मुदत कळावी लागते, रोज सकाळी गाडीने सोडायची सोय लागते. दोन शिफ्टमध्ये काम करणाऱ्या आईचं मूल वेटलिस्टच्या कुठल्याच आकड्यात नसतं. मागणी मोजताना आपण फक्त आपल्यासारख्यांना मोजतो.

आता घराबद्दल. नुसत्या लॉटरीसाठी मार्लबरोत जाऊ नका. रहिवाशांना प्राधान्य मिळतं हे खरं, पण प्राधान्य म्हणजे खात्री नव्हे. भावंडं तेव्हाही पुढेच असतील. शिवाय सातवीत जागा निघतात त्या कोणी शाळा सोडली तरच, सहावीसारखा अख्खा वर्ग भरायचा नसतो. आणि नुसता पत्ता दाखवायला भाडेकरार करायचा विचार कोणी सुचवला तर तो मनातून काढून टाका. राहत्या घराचा पुरावा मागतात, आणि खोटं निघालं तर मुलीला वर्षाच्या मध्यात शाळा सोडावी लागू शकते. तिच्या मैत्रिणी, तिचा बँड, तिची सॉकर टीम श्रूजबरीत आहे. माझ्या धाकटीच्या वेळी भावंड म्हणून सहज जागा मिळत होती, तरी तिने गावच्याच शाळेत राहायचं ठरवलं आणि आम्ही तिचं ऐकलं. दोन्ही मुलं व्यवस्थित शिकली.

नंबर लागण्याच्या शक्यतेबद्दल माझा अनुभव असा की मे-जूनमध्ये थोडी हालचाल होते, मग सगळं थंड पडतं, आणि ऑगस्टच्या शेवटी शाळा सुरू व्हायच्या तोंडावर पुन्हा फोन जाऊ लागतात. थोरल्याला फोन आला तेव्हा त्याची गावच्या शाळेची वह्या-पुस्तकं आणून झाली होती. उत्तर द्यायला मुदत फार थोडी असते, त्यामुळे सुट्टीत पुण्याला जाणार असाल तर ईमेल रोज बघा, स्पॅम फोल्डरसकट. सप्टेंबरनंतरही दार बंद होत नाही. खालच्या निम्म्या इयत्तांमध्ये जागा रिकामी झाली तर 15 फेब्रुवारीपर्यंत ती यादीतून भरायचा प्रयत्न शाळेला कायद्याने करावा लागतो, आणि सहावी त्यात येते.

फोन येण्याआधी घरात एक गोष्ट मात्र बोलून ठेवा: आला तर जायचं का. हद्दीबाहेरच्या मुलांना बस मिळेल असं गृहीत धरू नका, आणि रूट 20 वरून रोज सकाळी नॉर्थबरो ओलांडून मार्लबरोला सोडणं, परत आणणं हे सात वर्षांचं काम आहे. मुलीला विचारा. अकरा वर्षांच्या मुलीला या बाबतीत स्वतःचं मत असतं.

आणि उद्या शाळेच्या ऑफिसला फोन करून एवढंच विचारा की गेल्या वर्षी सहावीच्या यादीत हद्दीबाहेरच्या मुलांपैकी कोणाला जागा मिळाली का, आणि फोन कितव्या नंबरपर्यंत गेले. बहुतेक ऑफिसं हे सांगतात. उत्तर 20 असेल तर उन्हाळा निवांत घालवा, 120 असेल तर ऑगस्टमध्ये फोन जवळ ठेवा. काय सांगितलं ते इथे कमेंटमध्ये लिहा, याच भागातल्या इतर पालकांनाही उपयोग होईल.